संगीतानं ताण कमी होतो, पण कोणता ताण?

परीक्षा जवळ आल्या की एक वाक्य सगळीकडे फिरू लागतं: संगीतानं ताण कमी होतो हे विज्ञानानं सिद्ध झालंय. कार्यशाळेच्या पत्रिकेवर ते असतं, कॉलेजच्या सूचनाफलकावर असतं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर असतंच. सोबत 'परदेशातल्या एका विद्यापीठातलं संशोधन' अशी मोघम साक्ष. कुठलं विद्यापीठ, किती माणसं, काय मोजलं, ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

म्हणून या वेळच्या पोस्टसाठी मी या वाक्यामागे जे पेपर नेहमी उभे केले जातात त्यातले काही नीट वाचले. माझा विषय जीवरसायनशास्त्र आहे, मानसशास्त्र नव्हे. पण या पेपरांत ताण मोजायला जे वापरतात, म्हणजे लाळेतलं कॉर्टिसॉल आणि अल्फा-अमायलेज, ते माझ्या घरातलं आहे. तेव्हा त्या बाजूनं आत शिरू.

सुरुवात करू या ती मिरियम थोमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या पेपरपासून. 'प्लॉस वन'मध्ये आलेला आहे, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येतो. संगीत आणि ताण यावर काहीही वाचायला घ्या, याचा उल्लेख बहुतेक सापडतोच. आणि मजा म्हणजे, जे सिद्ध करायला तो दाखवतात त्याच्या बरोबर उलट एक गोष्ट त्याच्या गोषवाऱ्यातच लिहिलेली आहे.

प्रयोग असा. ६० निरोगी स्त्रिया, सरासरी वय २५. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटानं शांत संगीत ऐकलं, दुसऱ्यानं खळाळत्या पाण्याचा आवाज ऐकला, तिसरा गट काहीही न ऐकता नुसता बसून राहिला. मग तिन्ही गटांना एका ठरीव तणावातून नेलं. या तणावाला ट्रियर सोशल स्ट्रेस टेस्ट म्हणतात. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ साली ती तयार झाली. अनोळखी परीक्षकांसमोर, ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही अशांसमोर, पाच मिनिटं नोकरीच्या मुलाखतीसारखं बोलायचं आणि मग पाच मिनिटं मोठ्यानं वजाबाक्या करायच्या. चुकलं की परत पहिल्यापासून. ज्यांनी पीएचडीचा व्हायवा दिलाय किंवा वार्षिक प्रगती अहवाल समितीपुढे मांडलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता निकाल. तिन्ही गटांत कॉर्टिसॉलचा फरक पडला. पण सर्वांत जास्त कॉर्टिसॉल संगीत ऐकलेल्या गटात होतं आणि सर्वांत कमी पाण्याचा आवाज ऐकलेल्या गटात. हो, पुन्हा वाचा. संगीत गटात जास्त. संगीताच्या बाजूनं जे निघालं ते अल्फा-अमायलेजमध्ये: तणाव संपल्यावर या विकराची पातळी संगीत गटात नुसत्या बसलेल्या गटापेक्षा लवकर मूळ जागी आली. हृदयाचे ठोके, आणि 'तुम्हाला किती ताण वाटतोय' या प्रश्नांची उत्तरं, यांत गटागटांत लक्षणीय फरक नव्हता.

यातली जीवरसायनाची बाजू थोडी सोडवून सांगते, कारण इथेच बरेच लेख घसरतात. ताण आला की शरीरात दोन यंत्रणा चालू होतात. एक मज्जासंस्थेची, झटपट. छातीत धडधड, तळहाताला घाम, तोंड कोरडं. लाळेतलं अल्फा-अमायलेज या यंत्रणेचा माग देतं आणि काही मिनिटांत वर जाऊन खाली येतं. दुसरी यंत्रणा संप्रेरकांची, संथ. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरीला, पिट्यूटरीकडून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल सुटतं. ते लाळेत शिखर गाठतं तोवर व्हायवा संपून तुम्ही कॅन्टीनमध्ये चहा पीत असता. शिवाय कॉर्टिसॉल मुळात दिवसभर चढउतार करतंच: सकाळी उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात सर्वांत वर, रात्री सर्वांत खाली. मासिक पाळीचा टप्पा, गर्भनिरोधक गोळ्या, नुकतंच झालेलं खाणं, या सगळ्यानं आकडा हलतो. म्हणून असे प्रयोग बहुधा दुपारी करतात आणि स्त्री-पुरुष एकत्र घेत नाहीत. फक्त स्त्रिया घेणं हे त्या दृष्टीनं योग्यच. मात्र मग निष्कर्षही तेवढ्यांपुरताच ठेवायला हवा, 'विद्यार्थी' म्हणून सगळ्यांना लावून मोकळं होता येत नाही.

आणि एक. कॉर्टिसॉल वाढलं म्हणजे वाईट झालं, हेही खरं नाही. ते रक्तात साखर आणून देतं, शरीराला कामाला लावतं. समितीपुढे उभं राहताना ते थोडं वाढायलाच हवं. त्रास होतो तो ते खाली न आल्यानं, दिवसेंदिवस वरच राहिल्यानं. त्यामुळे 'संगीत गटात कॉर्टिसॉल जास्त' यावरून संगीत घातक असं कोणी म्हणू लागलं तर तेही तितकंच चूक. माझी तक्रार वेगळी आहे. एकाच पेपरात दोन निष्कर्ष आहेत, दोन विरुद्ध दिशांना जाणारे, आणि बाहेर फिरतो तो फक्त सोयीचा. लेखकांवर हा आरोप नाही. त्यांनी दोन्ही गोषवाऱ्यात स्वच्छ लिहिलेत. आपण गोषवाराही पूर्ण वाचत नाही, हा मुद्दा आहे.

लेखकांशी माझं भांडण आकडेशास्त्रावर आहे. कॉर्टिसॉल, अमायलेज, हृदयगती, श्वासाबरोबर बदलणारी हृदयाची लय, वाटणारा ताण आणि चिंता, अशा सहा गोष्टी त्यांनी मोजल्या. त्यातल्या दोनांत फरक मिळाला, पी-मूल्यं ०.०२५ आणि ०.०२६. एकच गोष्ट मोजली असती तर ही मूल्यं ठीक होती. पण सहा वेळा नाणं उडवलंत तर कधी ना कधी छापा पडणारच. समजा संगीताचा काडीचाही परिणाम नाही आणि या सहा चाचण्यांचा एकमेकींशी संबंध नाही, तरीही ०.०५ ची मर्यादा धरली तर सहांपैकी निदान एकीत 'लक्षणीय' फरक दिसायची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यावर सर्वांत कडक उपाय म्हणजे मर्यादेला सहानं भागणं, म्हणजे ०.००८. तेवढ्या चाळणीतून दोन्ही निष्कर्ष गळून पडतात. ही चाळणी जरा जास्तच बारीक आहे हे मान्य, कारण या मोजमापांचा एकमेकांशी संबंध असतोच. पण प्रत्येक गटात २० जणी असताना इतक्या काठावरच्या आकड्यांवर कार्यशाळा उभी करू नये, एवढं तरी कळतं.

संगीत कोणतं होतं, हेही कोणी विचारत नाही. ते होतं आल्लेग्रीचं 'मिझेरेरे': सतराव्या शतकातली, वाद्यांशिवाय अनेक आवाजांत गायली जाणारी चर्चमधली रचना. पोरवयातल्या मोझार्टनं रोममध्ये एकदा ऐकून ती स्मरणातून कागदावर उतरवली, अशी कथा सांगतात ती हीच. शब्द आहेत बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राचे; पाप कबूल करून दयेची याचना. आपल्याकडे बोलायचं तर मुलाखतीच्या आधी कोणी तुम्हाला करुणाष्टकं ऐकवावीत तसं. सूर शांत आहेत यात वाद नाही. पण शांत सूर ऐकणाऱ्याला शांतच करतील, की आतलं काही ढवळून काढतील, हे ऐकणारा कोण, कुठे वाढला आणि त्या सुरांशी त्याच्या कोणत्या आठवणी बांधल्यात यावर ठरतं. पाण्याच्या आवाजाला असा इतिहास नाही. पाणी का जिंकलं असेल याचं माझ्या मनातलं उत्तर हे आहे. पेपर ते सिद्ध करत नाही.

इथेच रागचिकित्सेबद्दल दोन शब्द, कारण ही पोस्ट वाचून कोणीतरी 'मग दरबारी ऐका की' असं लिहिणार. पंडित भातखंड्यांनी मराठीत लिहिलेल्या ग्रंथांत रागांच्या वेळांची सांगड घालून दिली. ती गायकीच्या परंपरेची मांडणी आहे, औषधाची मात्रा नव्हे. 'दरबारी कानडा, २० मिनिटं, रात्री' असं लिहिलं की ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं दिसतं खरं. पण विलंबित लयीतला आलाप आणि द्रुत तराणा यांना एकच राग म्हणून एका गोळीत कसं बसवणार? लय बदलली, गाणारा बदलला, ऐकणाऱ्याचा कान तयार आहे की नाही हे बदललं, तर 'रागाचा परिणाम' म्हणून नेमकं काय मोजलं? सर्वसाधारण संशोधनात लयीचा हात दिसतो: संथ, मिनिटाला ६० ते ९० ठोक्यांच्या संगीताचा परिणाम जास्त. तेव्हा एखाद्या रागाची थोरवी सांगण्याआधी त्याच लयीतला दुसरा राग समोर ठेवून पाहायला हवं. हे केलेले पेपर हाती आले तर मला आनंदच होईल.

'मोझार्ट ऐका, बुद्धी वाढते' याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. १९९३ साली 'नेचर'मध्ये ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवरचा छोटा प्रयोग आला. मोझार्टची दोन पियानोंसाठीची रचना १० मिनिटं ऐकल्यावर आकृत्यांची कोडी सोडवण्यात थोडी सुधारणा, तीही पाऊण तास नव्हे, १०-१५ मिनिटं टिकणारी. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटण्यासाठी अर्थसंकल्पात पैसे मागितले. दरम्यान १९९९ साली नान्टे आणि शेलनबर्ग यांनी मोझार्टच्या जागी स्टीफन किंगची गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट आवडली त्यांना गोष्टीनंतर कोडी जास्त सुटली. म्हणजे काम करत होता तो आवडीचं काही ऐकून आलेला तजेला. प्रयोग छोटा, धोरण मोठं, आणि दोघांच्या मध्ये कोणी पेपर वाचलेला नाही.

तर मग संगीताचा काही उपयोग आहे की नाही? आहे. ते नाकारणं अप्रामाणिक होईल. मार्टिना द विटे आणि सहकाऱ्यांनी २०२० साली १०४ नियंत्रित चाचण्या, मिळून ९,६१७ माणसं, एकत्र करून पाहिली. शारीरिक मापांवर परिणामाचा आकार निघाला ०.३८ आणि मानसिक मापांवर ०.५४५. या आकड्याला 'डी' म्हणतात, आणि तो नुसता वाचून काही बोध होत नाही, म्हणून असं बघा. शारीरिक ताणाच्या बाबतीत, संगीत मिळालेल्या गटातला सरासरी माणूस संगीत न मिळालेल्या १०० जणांपैकी साधारण ६५ जणांपेक्षा बरा असतो. परिणाम शून्य असता तर हा आकडा ५० असता. वाटणाऱ्या ताणाच्या बाबतीत तो ७० च्या थोडा पुढे जातो. दोन गटांच्या आलेखांची डोंगरं एकमेकांवर ठेवली तर शारीरिक मापांत ८५ टक्के भाग एकमेकांवरच बसतो.

छोटा ते मध्यम, पण खरा परिणाम. गोळी नाही, दुष्परिणाम नाही, खर्च जवळपास नाही. वाईट सौदा नाहीच. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. यातल्या बऱ्याच चाचण्या रुग्णालयांतल्या आहेत, शस्त्रक्रियेसाठी किंवा तपासणीसाठी आलेल्या माणसांवरच्या. त्यांचा ताण काही तासांचा असतो आणि त्याला शेवट असतो. दुसरं, वाटणाऱ्या ताणाचा आकडा शरीराच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खोटी गोळी देऊन अंधारात ठेवता येतं. कानात गाणं वाजतंय हे कोणापासून लपवणार? 'संगीतानं बरं वाटतं' हे ऐकून आलेला माणूस प्रश्नावलीत 'बरं वाटलं' लिहितो, त्यात त्या अपेक्षेचाही वाटा असतो. बरं वाटणं खोटं असतं असं मी म्हणत नाही. वाटा असतो, एवढंच.

आता मला सर्वांत आवडलेला पेपर. आलेक्सांड्रा लिनमान आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा, जर्मनीतला. प्रयोगशाळेत बसवून कोणाला काही ऐकवलं नाही. ५५ विद्यार्थ्यांचा माग त्यांच्या रोजच्या जगण्यात काढला: पाच दिवस सत्र चालू असताना, पाच दिवस परीक्षेच्या आठवड्यात. दिवसातून चार वेळा त्यांनी नोंदवायचं, आत्ता काही ऐकत होतात का, कशासाठी, आणि ताण किती. २५ जणांनी लाळेचे नमुनेही दिले. निघालं असं की नुसतं ऐकण्यानंही वाटणारा ताण थोडा कमी होतो, पण ठळक परिणाम दिसला तो 'सैल व्हायला म्हणून ऐकतोय' असं कारण दिलेल्या वेळी. तेव्हा कॉर्टिसॉलही कमी.

'कशासाठी ऐकता' हा प्रश्न या विषयात खूप आधी विचारायला हवा होता. बसमध्ये कानात गाणी, वाचताना गाणी, सेंट्रिफ्यूज फिरेपर्यंत गाणी, आपण दिवसभर ऐकतच असतो. त्यातलं 'आता वीस मिनिटं मी दुसरं काही करणार नाही' असं ठरवून ऐकणं किती? विश्रांतीची जी जुनी तंत्रं आहेत, एडमंड जेकबसनची एकेक स्नायू आवळून सैल सोडायची पद्धत असो किंवा आपलं शवासन, त्यांचा गाभाही हाच आहे. जेकबसननं १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा ते महिनोन्महिने शिकायचं कसब होतं. पुढे जोसेफ वोल्प यांनी ते आटोपशीर केलं. शनिवारच्या एका सत्रात दीडशे मुलांना सतरंजीवर आडवं करून 'रिलॅक्सेशन शिकवलं' म्हणणं म्हणजे एका तासात तबला शिकवला म्हणण्यासारखं आहे.

अर्थात या पेपरालाही एक भोक आहे. सैल व्हायला म्हणून संगीत ऐकणारा विद्यार्थी तो असतो ज्याला त्या वेळी सैल व्हायची सवड आहे. मग ताण संगीतानं कमी झाला की सवडीनं? निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासातून हे सुटं करता येत नाही. आणि याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासात, ५३ विद्यार्थ्यांची सात दिवस नोंद ठेवल्यावर, नुसत्या संगीत ऐकण्याचा परिणाम दिसलाच नाही. दिसला तो दुसऱ्या कोणाच्या सोबतीनं ऐकल्यावर, किंवा एकट्यानं पण मुद्दाम विश्रांतीसाठी ऐकल्यावर. त्याच लोकांनी केलेल्या, तशाच पद्धतीच्या दोन अभ्यासांत पहिलं वाक्य टिकलं नाही, दुसरं टिकलं. कार्यशाळेच्या पत्रिकेवर मात्र पहिलंच छापतात.

इथून पुढे आपल्याकडे येते. आपल्या कॉलेजांतून या विषयावर निघणारे पेपर तुम्ही चाळले असतील तर एक साचा ओळखीचा वाटेल. एकाच कॉलेजचे विद्यार्थी, संगीताआधी एक प्रश्नावली, काही दिवसांनी तीच प्रश्नावली, गुण उतरले, निष्कर्ष तयार. तुलनेला दुसरा गट नाही. परीक्षेच्या तोंडावर ज्यांचे गुण सर्वांत जास्त त्यांनाच निवडलं असेल तर काहीही न करता पुढच्या वेळी त्यांचे गुण सरासरीकडे सरकणार, हा आकड्यांचा साधा स्वभाव आहे. त्यात मधे परीक्षा होऊन गेली असेल तर विचारायलाच नको. तेव्हा भीमसेन लावा की पंख्याची घरघर, गुण उतरतील.

पण मला जास्त खटकते ती प्रश्नावली. बहुतेक वेळा ती असते शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची 'पर्सीव्ड स्ट्रेस स्केल', किंवा तिची १० प्रश्नांची आवृत्ती. ती गेल्या महिन्याबद्दल विचारते. वीस मिनिटांच्या संगीतानंतर, किंवा आठवड्याभरानं, गेल्या महिन्याबद्दलचं उत्तर बदललं तर ते कशामुळे बदललं? पण याहून महत्त्वाचं म्हणजे ती काय विचारते. अनपेक्षित काही घडल्यानं तुम्ही अस्वस्थ झालात का? महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं? करायच्या कामांना पुरे पडता येत नाही असं वाटलं का? कोहेन यांची ताणाची कल्पनाच ही आहे: आयुष्य किती बेभरवशाचं, किती हाताबाहेरचं आणि किती ओझ्याचं वाटतं. ती प्रश्नावली तुम्ही किती बेचैन आहात एवढंच विचारत नाही. तुमच्या हातात किती आहे ते विचारते.

आता हे प्रश्न एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला विचारा. कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये महिना झाली, चांगलं झालं. पण ती नेमकी कोणत्या महिन्यात खात्यात पडेल याचा भरवसा कितीजणांना आहे? सिनॉप्सिसवर सही कधी होईल, गाईड सुट्टीवरून कधी येतील, रसायनांची ऑर्डर कुठल्या टेबलावर अडकली, पेपरावर पहिलं नाव कोणाचं लागेल. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी रस्त्यावर बसले, त्यांना गेल्या महिन्यात महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर वाटल्या का, हे विचारून बघा. प्रामाणिक उत्तर 'नेहमी' असंच येणार. संगीत ऐकूनही तसंच येणार, आणि तसंच यायला हवं. ते बदललं तर उलट काळजी वाटायला हवी.

हे माझं नुसतं मत नाही. केटिया लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ साली 'रिसर्च पॉलिसी'त मांडला. साधारण तीनपैकी एकाला मानसिक विकार जडण्याचा धोका, आणि हे प्रमाण इतर उच्चशिक्षितांपेक्षा जास्त. धोका कशाशी जोडलेला होता? कामाचं ओझं, कामावर आपलं किती नियंत्रण, काम आणि घर यांची ओढाताण, गाईडची वागण्याची पद्धत, गटात निर्णय कसे होतात. तिकडे फेलोशिप वेळेवर येते तरी हे. हाही एका वेळचा पाहणी-अभ्यास आहे, कार्यकारणभाव त्यातून पक्का होत नाही. पण बघायचं कुठे, ते तो दाखवतो. कोहेन यांची प्रश्नावली आणि लेव्हेक यांची आकडेवारी एकाच जागी बोट ठेवतात: हातात किती आहे.

आणि यात गमावण्यासारखं काय आहे, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आहे. त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. प्रत्येकामागची कारणं वेगळी असणार, ती एका ब्लॉगपोस्टमध्ये कोंबायची नाहीत. पण या आकड्यासमोर संस्था काय ठेवते, ते मात्र बघता येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक नेमलाच पाहिजे, ही त्यातलीच एक. तुमच्या विभागात चौकशी करा: समुपदेशक कोण, कोणत्या खोलीत बसतात, आठवड्यातून किती तास? उत्तर म्हणून तुम्हाला 'आम्ही गेल्या महिन्यात संगीतोपचाराचा कार्यक्रम घेतला' असं ऐकवलं तर तिथेच थांबवा. कार्यक्रम चांगला असेल. तो या प्रश्नाचं उत्तर नाही. कार्यक्रमाला एक दिवस आणि एक पाहुणा लागतो, समुपदेशकाला पगार लागतो, हे गणित सगळ्यांना कळतं. (आणि आत्ता, आजच, कोणाशी बोलायची गरज असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलतात.)

बरं, माझ्या हातात पैसे दिले तर मी कोणता प्रयोग करेन? एका विद्यापीठातले विभाग घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून चार भागांत वाटायचे. पहिल्या भागात आठवड्याला तीन दिवस संगीत आणि विश्रांतीचं सत्र. संगीत ज्याचं त्यानं निवडायचं, एकत्र बसून ऐकायचं. दुसऱ्या भागात संगीत नाही, पण तीन साधे नियम: फेलोशिपची तारीख आधी जाहीर, गाईडबरोबर महिन्याला एक ठरलेली बैठक आणि तिची लेखी नोंद, सहीसाठी आलेला कागद दहा दिवसांत परत. तिसऱ्या भागात दोन्ही. चौथ्यात काहीच नाही, आहे तसंच. नंतर त्यांनाही दोन्ही द्यायचं. एक पूर्ण वर्ष चालवायचं. दर दोन महिन्यांनी प्रश्नावली, सत्राच्या आधी-नंतर लाळ, आणि वर्षाअखेर कितीजणांनी पीएचडी सोडली त्याची मोजणी. कोणत्या मापाला मुख्य धरणार ते आधीच नोंदवून ठेवायचं, म्हणजे सहांपैकी दोन उचलायची सोय राहणार नाही.

माझा अंदाज असा की त्या त्या दिवसाच्या लाळेत पहिला भाग जिंकेल आणि वर्षाच्या प्रश्नावलीत दुसरा. तिसऱ्याबद्दल मला खरंच उत्सुकता आहे: कागद वेळेवर परत आलेल्या माणसाला तेच गाणं जास्त लागू पडतं का? लाळेचे नमुने मी फुकट तपासून देईन. विभागप्रमुखांची संमती मिळवायचं काम मात्र दुसऱ्या कोणीतरी घ्यावं.